पन्नास रुपयांत मोडता येणारे बंधपत्र

महोदय,

नाकाबंदीत किती मद्यपी चालक सापडले, याचा आकडा दर सणाला छापून येतो. त्यांचे पुढे न्यायालयात काय झाले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. खरी गळती तिथेच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा तडजोडीने जागेवर मिटवता येत नाही, न्यायालयात जावेच लागते. अटक केली असेल तर कलम 202 प्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर आरोपीला सोडावे लागते. या घाईला कारण आहे. 100 मिलिलिटर रक्तातले मद्य ताशी साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे 50 वर पकडलेला माणूस दीड तासात मर्यादेच्या खाली येऊ शकतो. रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसली, बाटलीत नमुना टिकवणारे सोडियम फ्लोराइड घातले नाही किंवा ब्रेथ ॲनालायझरच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) नोंद सापडली नाही, तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला विनाकारण नकार दिला, तर कलम 205 खाली तो नकारही फिर्यादी पक्षाच्या बाजूने धरता येतो. हे पंचनाम्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

समजा, पुरावा टिकला आणि आरोपीने गुन्हा कबूल केला. तरी दहा हजारांची पावती फाडून प्रकरण बंद करणे कायद्याला धरून नाही. कलम 20(2) नुसार 185 खाली दोषी ठरलेल्याला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. तिथे ‘ठरवता येईल’ असे म्हटलेले नाही, ‘ठरवील’ असे म्हटले आहे. याशिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर पोलिसांनी लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन तो अधिकारी पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द करू शकतो. मुदत संपली तरी उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ते परत मिळत नाही. निकालाच्या आदेशात अपात्रतेची ओळ आहे का, हे सरकारी वकिलांनी प्रत्येक प्रकरणात पाहायला हवे.

दंडाने दारूची सवय सुटत नाही आणि सहा महिन्यांच्या तुरुंगवासाने अनेकांची नोकरी जाते. या दोहोंमधला रस्ता 1958 च्या अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर सोडणे) कायद्यात आहे. कलम 4 खाली न्यायालय शिक्षा न सुनावता तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकते आणि किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकते. मद्यापासून दूर राहण्याची अट घालण्याचा अधिकार तर कायद्यातच शब्दशः दिला आहे. व्यसनमुक्ती केंद्रात ठरलेल्या दिवशी हजेरी, केंद्राचा लेखी अहवाल, ठरावीक काळ गाडीला हात न लावणे, या अटी त्याच बंधपत्रात बसतात. गाडी न चालवण्याची अट वेगळी लिहून घेणे फार गरजेचे आहे. कारण कलम 12 मुळे परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीबरोबर येणारी अपात्रता लागू होत नाही आणि लायसन्स वाचवण्यासाठी हाच युक्तिवाद केला जाऊ शकतो. ज्या प्रकरणात कुणाचा जीव गेला, तिथे मात्र ही सवलत नको. बेदरकार चालकाला परिवीक्षेचा लाभ सहजासहजी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच बजावले आहे.

आता बंधपत्र मोडले तर काय? कलम 9 प्रमाणे न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढते आणि अटभंग सिद्ध झाला तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. पण पहिल्याच वेळचा भंग असेल, तर बंधपत्र चालू ठेवून केवळ दंड लावण्याची मुभाही आहे. त्या दंडाची कमाल मर्यादा पन्नास रुपये! मूळ दंड दहा हजारांवर गेला, अटभंगाचा 1958 सालच्या आकड्यावरच राहिला. पुन्हा पिऊन गाडी चालवणाऱ्याने पन्नास रुपयांत मोकळे व्हावे, हे कुठल्याही कुटुंबाला पटणार नाही. आणि कुणी न्यायालयाला कळवले तरच भंग उघडकीला येणार. आपल्याकडे परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे, लायसन्सची नोंद परिवहन विभागाकडे आणि गुन्ह्याची नोंद पोलिसांकडे. ही तीन दप्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर दुसऱ्यांदा सापडलेला माणूसही पहिलाच म्हणून उभा राहतो. पूर्वीची शिक्षा आरोपातच नमूद करून सिद्ध केल्याशिवाय वाढीव शिक्षा देता येत नाही.

आणखी एक विसंगती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणाऱ्याला कलम 355 खाली समाजसेवेची शिक्षा देता येते. स्टीअरिंगवर बसलेल्या मद्यपीला कलम 185 खाली ती देण्याची सोय नाही.

केंद्राने कलम 9 मधली पन्नास रुपयांची मर्यादा काढावी आणि 185 मध्ये समाजसेवेचा पर्याय जोडावा. राज्याला त्यासाठी थांबायचे कारण नाही. न्यायालयाने मद्यबंदीच्या अटीवर सोडलेल्या प्रत्येक चालकाचे नाव परिवीक्षा अधिकाऱ्याकडून त्याच आठवड्यात वाहतूक पोलीस आणि आरटीओकडे जावे, एवढा आदेश शासन आजही काढू शकते.

— एक वाचक