चुकीच्या पर्यायांवर मेहनत घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात रेड अलर्ट आला की कोकणातल्या शाळांना सुट्टी जाहीर होते आणि थोड्या वेळात वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओची लिंक येऊन पडते. शेवटी पाच प्रश्नांची चाचणी. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. लाल खूण दिसली की मूल दुसरा पर्याय दाबतं, मग तिसरा, हिरवी येईपर्यंत. विचार कुठेच होत नाही. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या मुलांना विज्ञान शिकवते, म्हणून हे पोटतिडकीने लिहिते आहे.

ऑनलाइन चाचणीतला बरोबर पर्याय कोणीही लिहील. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर हवी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हे घराघरांत ठाऊक आहे. आता प्रश्न असा घ्या: अमावास्येला दुपारी बाराला पूर्ण भरती असेल, तर पंचमीला केव्हा? उत्तर पावणेचार, म्हणजे पाचाची पाऊणपट. बाकीचे पर्याय बारा, पाच आणि सव्वाआठ. बारा म्हणणाऱ्याला भरतीची वेळ रोज तीच असते असं वाटतं. पाच म्हणणारा तिथीला एक तास धरतो. सव्वाआठवाल्याच्या मते भरती रोज लवकर येते. तिघांची चूक वेगळी, तर तिघांना परत जाणारा प्रश्नही वेगळा हवा. पहिल्याला विचारायचं, घरची होडी परवा किती वाजता लोटली आणि आज किती वाजता? दुसऱ्याला दोन सलग दिवसांच्या वेळांची वजाबाकी करायला सांगायची. तिसऱ्याला विचारायचं, चंद्र रोज उशिरा उगवतो की लवकर? चंद्र पुढे सरकतो म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं मागे पडते, इथवर मूल स्वतःच्या पायांनी येतं.

ऑनलाइनचा खरा फायदा तर याच्या पुढे आहे. एकाच शीटमध्ये वाडीवाडीच्या मुलांनी आपापल्या धक्क्यावरची पूर्ण भरतीची वेळ भरायची. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळ-अंजनवेलला, आलेली भरती आत चिपळूणजवळच्या गोवळकोटला बरीच उशिरा पोचते. हा फरक मुलांच्याच आकड्यांतून वर येतो. चार भिंतींच्या वर्गात ही नोंद जमलीच नसती. मात्र हे काम दिवाळीनंतरचं आणि मोठं माणूस सोबत घेऊनच. पावसात मुलांना पाण्याजवळ पाठवू नये. तेव्हा घरातल्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, प्रश्न विचारून त्याचं उत्तर आवाजात पाठवलं तरी पुरे.

गटावर उत्तरं मागवण्याची पद्धत तर बंदच करावी. पहिल्या हुशार मुलाचं उत्तर पडलं की बाकीचे तेच उतरवतात. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावं, मग जोडीदाराशी वाद घालावा, मग पुन्हा द्यावं. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात ही रीत रुजवली. फोनवर ती सहज जमते, कारण गटावर न टाकता फक्त शिक्षकाला पाठवलेलं पहिलं उत्तर दुसऱ्याला दिसतच नाही. आणि आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता.

साधनं फुकट आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपचं साहित्य उघडतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मराठीत आहेत, एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. आमच्याकडे ते महत्त्वाचं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. घरात फोन एकच, आणि तो संध्याकाळी वडील परतल्यावरच हाती येतो. म्हणून ठरावीक वेळी हजर राहायला लावणारा उपक्रम इथे चालणार नाही. दोन दिवसांची मुदत हवी आणि वहीत केलेल्या कामाचा फोटो चालायला हवा.

एक विनंती. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने पुढच्या प्रशिक्षणात ॲपची बटणं दाखवण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक शिक्षकाला आपल्या मुलांची वीस चुकलेली उत्तरं घेऊन यायला सांगावं, त्यांतून प्रश्न तिथेच बसून बनवावेत आणि ते जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वापरायला द्यावेत. माझ्या वर्गातली भरती-ओहोटीची उत्तरं मी आनंदाने देईन.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी