लॅब की कारवान?

लीड्स, ८ मार्च

प्रिय दादा,
सा. नमस्कार.

दोन्ही फोटो मिळाले. जुळे सोलापूरच्या तुझ्या मित्राकडचं लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याचं, पिल्लू गुबगुबीत, आणि मामानं सांगोल्याहून पाठवलेल्या कारवान या आपल्याकडच्या शिकारी कुत्र्याच्या फोटोत नुसते पाय आणि कान. अद्वैतनं व्हॉइस मेसेजमध्ये लॅबच्या बाजूनं निकाल देऊन टाकलाय. वहिनी म्हणते, कुठलंच नको. आईनं एवढंच विचारलं, "भाकरी खाईल ना?" घरी यातलं कुठलं कुत्रं आणावं यावर तुला माझं मत हवंय, तर सविस्तर लिहिते. फोनवर तू "बरं बरं" करून विषय गुंडाळतोस.

इथं शेजारच्या आजींची लॅब कुत्री आहे. त्या लेकीकडे गेल्या की तिला फिरवायचं काम माझ्याकडे. जानेवारीत, कालव्याच्या काठावर बर्फ साचलेला, आणि ही बया बदकामागं सरळ पाण्यात! बाहेर येऊन अंग झाडलं, मला आंघोळ घातली आणि परत पाण्याकडे बघत उभी. घरी टॉवेलनं पुसताना केस बाजूला करून पाहिलं. वरचे केस ओले, राठ. त्याखाली दाट मऊ लोकर आणि कातडी जवळजवळ कोरडी. ही जात मुळात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती इकडे आणून जोपासली आणि १९०३ मध्ये इथल्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, तिला मान्यता दिली. म्हणजे तिची घडण गार पाण्यासाठी झालेली.

आता तीच गोधडी अंगावर घेऊन मे महिन्यात, दुपारी एक वाजता, आपल्या घरात बसलेलं कुत्रं डोळ्यापुढं आण. पारा ४३ वर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याला धापा टाकूनच अंग थंड ठेवावं लागतं. एसी फक्त तुझ्या खोलीत, आणि लाइट गेली की तोही बंद. नळाला पाणी काही दिवसांआड, तेव्हा रोज अंगावर बादली ओतायची सोय नाही. खालच्या माळवदाच्या खोलीत शहाबादी फरशी आहे, तिथं निभेल. सोलापुरात लॅब पाळणारे पुष्कळ आहेत, हेही मला माहीत आहे. पण त्यातले बरेच दुपारभर फरशीला चिकटून असतात आणि अंगानं सुटलेले असतात.

सुटण्याचं कारण एकट्या मालकाच्या लाडात नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकातला बिघाड सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो, आणि अशा कुत्र्याला पोट भरल्याचं नीट कळतच नाही. आजींच्या कुत्रीला मी जेवण देऊन वाटी धुवायच्या आत ती नव्यानं उपाशी चेहरा करते. आणि आपल्या घरात कोण आहे? आई! तिला ताटाकडे बघत बसलेलं कुणी पाहवतं का? लॅबचे कंबरेचे सांधे आधीच नाजूक. त्यात वजन ३५ किलोच्या पुढं गेलं की म्हातारपणी उठता येत नाही. शिवाय वहिनीच्या शेंगा चटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चटणीचे डबे दिवसभर खाली उघडे असतात, ते मी सांगायला नको.

कारवानचं शरीर याच्या उलट. दख्खनच्या माळावर धनगर आणि शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेलं कुत्रं: आखूड केस, पातळ कातडी, पोट आत गेलेलं, पंचवीसएक किलोचा गडी. मुधोळ म्हणतात ते कुत्रंही याच्या रक्तातलंच. २००५ साली पोस्टानं मुधोळचं तिकीटही काढलं होतं. ऊन त्याला सोसतं, खाणं बेताचं, केस फारसे गळत नाहीत. तू म्हणालास, इतकं पळणारं कुत्रं घरात धिंगाणा घालेल. तसं होत नाही. इथं शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाऊंड जातीचे कुत्रे लोक घरी आणतात. तीच ठेवण, आणि ते दिवसाचे बहुतेक तास सोफ्यावर पाय वर करून झोपलेले असतात. पण मोकळ्यावर नेलं की दोन-चार मिनिटं असे सुटतात की बघत राहावं.

अद्वैतला मात्र आधीच सांगून ठेव. चेंडू फेकला तर लॅब तो शंभरदा आणून देईल. कारवान एकदा चेंडूकडे बघेल, एकदा अद्वैतकडे, आणि झोपी जाईल. परक्यानं डोक्यावर हात फिरवलेलाही त्याला खपत नाही. आपल्याकडे सकाळपासून गिऱ्हाईक. लॅब प्रत्येकाच्या पाया पडेल, कारवान आतल्या खोलीत निघून जाईल. वहिनीला हे उलट बरंच वाटेल, असा माझा अंदाज आहे.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तुझ्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही: आपलं पुढचं दार. ते दिवसभर सताड उघडं. कारवान वासावर चालत नाही, नजरेवर चालतं. समोरच्या पत्र्यावरून मांजर गेलं की ते उंबरा ओलांडून रस्त्यावर, आणि त्या क्षणी तू, मी, मामा, कुणी हाका मारल्या तरी त्याच्या कानात काही शिरत नाही. गल्लीतून रिक्षा कशा येतात ते तू रोज बघतोस. लॅब पळाली तर पुढच्या हातगाडीपाशी सापडेल. कारवान पळालं तर विजापूर रोडला शोधावं लागेल.

तरी माझं मत कारवानलाच. दाराला आतून जाळीचा दरवाजा बसवता येतो, एका दिवसाचं काम. उन्हाळ्याचं काय करणार? आईच्या गुडघ्यांचाही विचार कर. लॅब तीन वर्षांची होईपर्यंत लाडानं अंगावर उड्या मारते, आणि तीस किलोची उडी आईला झेपायची नाही. पट्टा मात्र आईच्या हाती कधीच द्यायचा नाही, लॅब असो की कारवान. पहाटे पाचला तूच न्यायचं. संभाजी तलावाकडे गेलास तर पट्टा सोडू नकोस. मोकळं पळायला रविवारी मामाच्या शेतात, तेही कुंपण असेल त्या तुकड्यात. आणि मामाला बजाव, ससे धरायला त्याला नेऊ नको म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे; त्याचे मित्र काय करतात ते त्यांनी बघावं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आणायच्या आधी स्वतः जा, त्याची आई बघ. ती माणसांना बुजून कोपऱ्यात दबत असेल तर ते पिल्लू नको, दुसरं बघ. लसी पुऱ्या होईपर्यंत गल्लीत खाली सोडायचं नाही, पार्व्हो हा विषाणूचा आजार लगेच पकडतो. पण कडेवर घेऊन रोज बाहेर ने. गाड्या, माणसं, लग्नाचा बँड सगळं लहानपणीच दिसू दे, नाहीतर हे कुत्रं जन्मभर बुजरं राहतं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारूनच, त्या तापानं चांगली कुत्री जातात. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देण्याआधी जात सांग. या ठेवणीच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी नसते, काही भुलीची औषधं त्यांना लवकर उतरत नाहीत.

जाळीच्या दाराचे पैसे मी पाठवते. वहिनीला सांग, कुत्र्याची जबाबदारी तिच्यावर येणार नाही असं तिनं तुझ्याकडून लिहून घ्यावं. आईला भाकरीचं उत्तर: खाईल, पण सोबत अंडं किंवा मटणाचा तुकडा लागेल, आणि तो तिच्या स्वयंपाकघरात शिजणार नाही, हे तुमचं तुम्ही मिटवा.

मामाकडे कधी जाणार ते कळव. आईला नमस्कार, अद्वैतला गोड पापा.

तुझी,
छोटी