किरणोपचारानंतरचे जुलाब आणि चिनी काढे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुख, प्रोस्टेट किंवा गुदाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार (रुग्णांच्या बोलीत ‘शेक’) घेणाऱ्या अनेकांना उपचार चालू असतानाच जुलाब, पोटात कळा आणि सारखे शौचास लागल्याची भावना यांचा त्रास होतो. त्यावर चिनी वनौषधींचा काढा हमखास गुणकारी असल्याचे संदेश सध्या सोलापुरात मोबाइलवर फिरत आहेत. बार्शीचे कर्करोग रुग्णालय जिल्ह्यातच असल्याने असे रुग्ण आपल्याकडे गावोगावी आहेत. म्हणून एक निवृत्त औषधविक्रेता या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

चिनी वैद्यक थोतांड आहे, असे मी म्हणत नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग या चिनी वैद्यांनी जुलाबासाठी सांगितलेल्या ‘हुआंग छिन थांग’ या चार घटकांच्या काढ्याचा अभ्यास अमेरिकेतील येल विद्यापीठात झाला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात इरिनोटेकान या केमोथेरपीच्या औषधाने आतड्याला होणारी इजा काढ्यामुळे कमी झाल्याचे दिसले. पण ती उंदरांमध्ये, आणि इजाही किरणांची नव्हती. खास किरणोपचाराच्या त्रासावर चीनमध्ये माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, मात्र त्यांतील बहुतेक लहान असून प्रत्येकीतला काढा वेगळा, त्यामुळे त्यांच्या आधारे हमी देणे गैर आहे.

वर सांगितलेल्या ‘हुआंग छिन थांग’ काढ्यात जेष्ठमध असते. घसा बसल्यावर कांडी चघळणारे आपण त्याला निरुपद्रवी मानतो. परंतु ते मोठ्या मात्रेत रोज पोटात गेले तर लघवीवाटे पोटॅशियम घटते, अंगात पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो. जुलाबांनी पोटॅशियम आधीच कमी झालेल्या, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या हृदयाचे ठोके यामुळे बिघडू शकतात. भेसळीचा धोका वेगळाच. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन घटवण्याच्या चिनी औषधात एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली, सुमारे शंभर स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्यांतील काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

किरणोपचार संपल्यावर काही रुग्णांना काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, शौचावाटे रक्त पडू लागते. आपल्याकडे ते मूळव्याध समजून परस्पर औषध घेतले जाते (दुकानात हे मी नेहमी पाहत असे) आणि आता त्यात या काढ्यांची भर पडत आहे. अशा रक्तस्रावावर सुक्रालफेट या जखमेवर संरक्षक थर देणाऱ्या औषधाचा एनिमा, तसेच दुर्बिणीतून आरगॉन वायूच्या साहाय्याने रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपाय उपलब्ध आहे. मात्र त्याआधी रक्त कशामुळे पडते, हे डॉक्टरांनी तपासायला हवे.

काढा सुरू केलाच असेल, तर रुग्णांनी तो लपवू नये आणि डॉक्टरांनीही न रागावता त्याची चौकशी करावी. पुढच्या तपासणीला जाताना पुडी किंवा बाटली सोबत न्यावी. तिच्यावर घटकांची यादीच नसेल, तर ते औषध त्याच दिवशी बंद करावे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
जुळे सोलापूर