मुलं मोठी झाली, आता डिस्ने की युनिव्हर्सल?

टॅम्पा, फ्लोरिडा

प्रिय मीनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघं येताय या आनंदात मी आहे, आणि तुमच्या घरात ऑर्लँडोच्या थीम पार्कांवरून दोन तट पडलेत म्हणे: तुला डिस्ने हवं, पोरांना युनिव्हर्सल. अगं, मी पोरांच्या बाजूने आहे.

डिस्नेवर माझा राग नाही. आमची दोघं लहान होती तेव्हा तिथे आम्ही फार सुखाचे दिवस घालवले. पण तुझी थोरली सोळाची, धाकटा चौदाचा. या वयात राईड हवीच, पण त्याहून जास्त हवं असतं आपलं आपण फिरणं. डिस्नेची चार पार्क एकमेकांपासून इतकी लांब आहेत की एकातून दुसऱ्यात जायला बहुतेक वेळा बस, मोनोरेल असं काहीतरी धरावं लागतं, आणि मग सगळं कुटुंब एकत्रच हलतं. युनिव्हर्सलची जुनी दोन पार्क, १९९० चं युनिव्हर्सल स्टुडिओज आणि १९९९ चं आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, अगदी शेजारी आहेत. दोन्हींच्या दारासमोर सिटीवॉक, म्हणजे खाण्यापिण्याचा मोठा चौकच. ‘दोन वाजता इथे भेटा’ म्हणून मुलांना खुशाल सोडता येतं. माझी मुलं तिथे कशी खुलली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

भेटायची वेळ मात्र आधीच पक्की करा. आयलंड्समधल्या वेलोसिकोस्टर या रोलर कोस्टरला फोनसकट सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं आणि आत सोडण्याआधी मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. २०२१ ची ही राईड १५५ फूट उंच जाते, वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर, आणि खांद्यावरून काही येत नाही, मांडीवर फक्त एक दांडा. शेवटी शेवटी गाडी तळ्याच्या पाण्यावर पूर्ण उलटी होते. काठावर उभं राहिलं की लोकांचे केस खाली लोंबताना दिसतात. तुझी लेक यासाठी जीव टाकेल.

हॅरी पॉटरचं जग या दोन्ही जुन्या पार्कांत आहे, आणि त्यांना जोडणारी आगगाडी, हॉगवर्ट्स एक्स्प्रेस, हवी तर दोन्ही पार्कांचं एकत्र तिकीट लागतं. इथे काटकसर करू नकोस. जाताना आणि येताना गाडीच्या खिडकीतून वेगवेगळं दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी बसा.

आता पैशाचं. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं की या दोन पार्कांचा एक्स्प्रेस पास, म्हणजे राईडची लांब रांग टाळायचा पास, खोलीबरोबरच मिळतो. एकच रात्र राहिलात तरी यायचा आणि जायचा, दोन्ही दिवस धरतात. खोली महाग आहे, पण चौघांचे पास वेगळे काढण्यापेक्षा बहुतेक वेळा परवडते. २०२५ च्या मेमध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या नव्या पार्कला मात्र हा पास चालत नाही. ते थोडं दूर आहे, त्याला वेगळा अख्खा दिवस द्या आणि टोप्या न्या, सावली कमी आहे.

आणि तुझं डिस्ने? एक दिवस नक्की, पण मॅजिक किंगडम नको, अ‍ॅनिमल किंगडम. सकाळी उठून आधी सफारी, मग एक्स्पेडिशन एव्हरेस्ट ही रोलर कोस्टर. तिथलं नेपाळी गाव, प्रार्थनेच्या पताका बघून तुला आपले ट्रेक आठवतील. गाडी डोंगरावर चढते, पुढे रूळ उखडलेले दिसतात, ती थांबते आणि अंधारात मागच्या मागे सुटते. रात्री जवळच्याच अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ रेस्टॉरंटमध्ये जेवा. तिथे नान आणि चटण्यांचं भलं मोठं ताट मिळतं, उजेड असला तर खिडकीतून जिराफही दिसतात. तुझ्या शाकाहारी नवऱ्याची चिंता मिटली.

तारखा ठरवताना एक बघ. हॅलोविनच्या दिवसांत युनिव्हर्सल स्टुडिओज बऱ्याच संध्याकाळी पाचलाच बंद होतं, रात्रीच्या कार्यक्रमाचं तिकीट वेगळं. आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. या दोन्हींच्या मधले दिवस धरा.

तिकिटं काढलीस की लगेच कळव, मी सुट्टी टाकते. विमानतळावर घ्यायला मीच येणार. पोरांना सांग, मावशी तुमच्या बाजूने आहे.

तुझी,
अनू