सही घेण्याआधी बहिणीला दस्त वाचू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'स्त्रीमुक्तीची चळवळ आता कशाला, बायकांना सगळं मिळालंय,' असं हल्ली शिकलीसवरलेली माणसंही बोलून जातात. मी राजापूर तालुक्यात दस्त टाइप करून देते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं आणि सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्रं, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याचे दस्त. बायकांना काय मिळालं आणि मिळालेलं कुठे अडतं, ते मला माझ्या टेबलावरच दिसतं.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकमाईच्या मिळकतीत हिंदू मुलीला भावाइतका वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मात्र ती जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली बाहेर ठेवल्या. केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून ती अट काढली. वडील २००५ आधीच वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. १९५६ नंतरचं यातलं काही कुणी आपणहून हातावर ठेवलेलं नाही. १९७५ नंतर गावोगावच्या स्त्री-संघटनांनी मोर्चे काढले, शिव्या खाल्ल्या, निवेदनं देत राहिल्या, तेव्हा सरकार हललं. त्या बायकांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

आणि आमच्या कोकणात तर हा हक्क कायद्याच्या आधीच कष्टाने मिळवलेला होता. पुरुष मुंबईला गिरणीत. महिन्याची मनीऑर्डर आली तर आली. भाजावळ म्हणजे पेरणीआधी शेत भाजणं, लावणी, कापणी, उन्हाळ्यात नव्या कलमांना डोक्यावरून पाणी, सगळं घरच्या बायकांनी केलं, आणि लग्नाआधी त्यांत या मुलीही होत्या. १९८२ च्या संपानंतर चाकरमानी परतले ते याच बायकांनी जिवंत ठेवलेल्या जमिनीवर. सातबारावर बापाचं, काकाचं, चुलतभावांचं नाव. लेकींची नावं घातलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात.

गणपतीला आणि मे महिन्यात माझ्याकडे गर्दी होते, कारण तेव्हा बहिणी गावी आलेल्या असतात. 'आलीच आहेस तर एक सही करून जा गो,' असं सांगून भाऊ त्यांना रिक्षात बसवून आणतात. कागद कसला, हे बहुतेकींना वाटेत कळतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'नाही म्हटलं तर माहेर तुटेल.' काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर लाखोंची जमीन सुटते. एकदा नोंदणी झाली की ती रद्द करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, ते सही करताना तिला कुणी सांगत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्यासाठी अचानक सगळ्या बहिणींचे पत्ते सापडले होते. त्याआधी वारसनोंदीच्या वेळी ते पत्ते कुणाला आठवले नव्हते.

गेल्या मे महिन्यात एक बाई आल्या. नालासोपाऱ्याला राहतात, पोळ्या लाटून देतात. त्यांनी चष्मा लावला आणि दस्त पहिल्या पानापासून वाचायला घेतला. भाऊ घाई करत होता, म्हावरं आणायला जायचं होतं. दुसऱ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. 'हा गट नंबर घराखालचा ना? हा काढ. आंब्याची बाग तू राखलीस, ती घे, माझं काही म्हणणं नाही. पण घरात माझा भाग राहू दे. उद्या मला यावं लागलं तर मी कुणाच्या ओसरीवर बसू?' भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'काढा ओ बाई तो नंबर.' मी दुसरा दस्त टाइप केला. दोघं एकाच रिक्षाने परत गेली.

सगळ्या बहिणींनी हक्क मागावाच, असं माझं म्हणणं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत करणारा भाऊ असतो, आपल्या पैशाने बाग उभी करणारा असतो. त्याला जमीन द्यावीशी वाटली तर बहिणीने खुशाल द्यावी. पण ते देणं तिने ठरवलेलं असावं. न वाचता, रिक्षा थांबवून घेतलेली सही मला देणं वाटत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी भावांना विनंती आहे. मसुदा आठ दिवस आधी बहिणीच्या मोबाइलवर पाठवा. आता फोटो काढून पाठवायला वेळ लागत नाही. कुठले गट, किती क्षेत्र, आज भाव काय, हे तिला सांगा. आम्ही दस्त लिहिणाऱ्यांनीही भावाला थोडा वेळ बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलावं. मी हे करते, आणि त्यामुळे काही गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली तरी चालतील. बहिणींनो, सही केलीत तरी नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत मागून घ्या आणि स्वतःकडे ठेवा.

माझं नाव कृपया छापू नये. माझ्यापाशी विश्वासाने बोललेल्या बायका त्यावरून ओळखल्या जातील.

– एक दस्तलेखनिक, राजापूर, जि. रत्नागिरी