अकीम म्हणजे आपला हाकीमच

अस्ताना, कझाकस्तान, जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नोकरीतल्या माणसांना परत वर्गात बसवून शिकवतात तरी काय?" नेट सारखं तुटत होतं, म्हणून हे पत्र.

नझरबायेव विद्यापीठात मी सार्वजनिक धोरण विभागात शिकते, आणि आमच्या वर्गात बरेच जण कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्यातले आहेत. हा विभाग सिंगापूरच्या ली क्वान यू संस्थेच्या मदतीने उभा राहिला, शिकवणं इंग्रजीत. पूर्वी, सोव्हिएत काळात, इथे कम्युनिस्ट पक्षाच्या शाळा होत्या. पक्षाच्या यादीत नाव नसेल तर मोठी खुर्ची नाही. त्या यादीला नोमेनक्लातुरा म्हणत. १९९१ नंतर पक्ष गेला. १९९९ च्या कायद्याने नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा आल्या. त्याआधीच, १९९३ पासून, 'बोलाशाक' शिष्यवृत्तीवर हुशार मुलांना सरकारी खर्चाने परदेशी धाडत होते. परत येऊन देशात काम करायचं, आणि त्यासाठी घर तारण! तुम्ही म्हणाल, सरकार सगळीकडे सारखंच.

सवयी मात्र कायद्याने जात नाहीत. मागच्या आठवड्यात वर्गात एक प्रसंग करून बघायचा होता. गावाचं पाणी बंद आहे, लोक अकीमकडे आलेत. अकीम म्हणजे प्रशासनाचा प्रमुख, शब्दही आपल्या हाकीमच्याच घरचा. अकीम झाला एका मंत्रालयातला चाळिशीचा गृहस्थ, आणि तक्रार घेऊन आलेली म्हातारी मी. त्याने कागद पुढे ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'वरून काय सूचना आहेत?' सर म्हणाले, "२०२१ पासून गावचे अकीम निवडून येतात. तुम्हाला लोकांनी बसवलंय, त्यांच्याशी बोला." तो गप्प. पेनचं टोपण काढतोय, लावतोय. बऱ्याच वेळाने मान वर करून मला विचारलं, "आजी, पाणी कधीपासून नाही?" वर्ग हसला, तो नाही.

मला तुमची कचेरी आठवली. साहेबांचा तोंडी हुकूम आला की तुम्ही टिपणी लिहून सही घ्यायचात. मला वाटायचं, बाबा भित्रे आहेत. आता तसं वाटत नाही. संध्याकाळी त्या गृहस्थाला हे सांगितलं, तर म्हणाला, "तुझ्या वडिलांना निदान कागद तरी मिळायचा."

त्याच्या घरी चहाला गेले होते. दुधाचा चहा, अगदी आपल्यासारखा, पण कानाच्या कपातून नाही, पियाला नावाच्या वाटीतून, आणि तोही अर्धाच भरलेला. मी मनात म्हटलं, काय कंजूष! नंतर कळलं, थोडा ओततात म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरून दिला तर समजायचं, आता निघा. आईला हे जरूर सांगा, तिला आवडेल.

खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरलाय. आईने पाठवलेला मेतकुटाचा डबा तळाला गेलाय. कुणी इकडे येणार असेल तर अर्धा किलो पाठवा.

तुमची,
धाकटी