अर्धी वाटी

पर्वती पायथा, पुणे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी नेहमीसारखा विषय पाण्याच्या टँकरवर नेला असता, म्हणून लिहायला बसलोय.

गेल्या आठवड्यात दादाचे रिपोर्ट आले. उपाशीपोटी साखर ९१, म्हणजे झकास. मी कागदाची घडी घालणार तोच डॉक्टरांनी खालच्या ओळीवर पेन टेकवलं. इन्सुलिन २४. आपल्या काडीपैलवानाचं! पर्वतीच्या १०३ पायऱ्या धाप न लागता चढणाऱ्याचं. साखर जागेवर आहे, पण ती तिथे ठेवायला स्वादुपिंडाला जादा राबावं लागतंय, म्हणाले. घरी येऊन तुझी फाइल काढली. मागच्या वर्षीचं तुझं, आपल्या गुटगुटीत मनूचं, इन्सुलिन ७.

मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, कागद बदलले नाहीत ना? तेव्हा त्यांनी आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांनी मोजली होती. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला खूप कमी, स्नायूही कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे आईच्या पोटातल्या पोषणाचाही यात वाटा, सगळं जनुकांवर ढकलता येत नाही.

तरी जनुकांचा हिस्सा मोठाच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांच्या वजनातला साधारण ४० ते ७० टक्के फरक आनुवंशिक धरतात. २००७ मध्ये सापडलेल्या ‘एफटीओ’ जनुकाचा एक प्रकार आईबाप दोघांकडूनही आला, तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं, आणि तेही मुख्यतः भूक वाढल्यामुळे. भूकसुद्धा वारशाने येते, हे मला साठीत कळावं! आणखी एक गंमत. काही जनुकांमुळे चरबी कातडीखाली नीट साठते. माणूस गुटगुटीत दिसतो, पण इन्सुलिन चढत नाही. ज्यांची ही कोठीच लहान, त्यांची चरबी यकृतात आणि पोटात शिरते. वरून बारीक, आतून भरलेले.

तुझी आजी म्हणायची, “पोरगी आत्यावर गेलीय, तिला बोलू नकोस.” मी हसण्यावारी न्यायचो. आणि पाडव्याला श्रीखंड वाढताना दादाची वाटी शिगोशीग, तुला अर्धी. वर “तुला पुरे” हे शब्द. तू आठवीत होतीस तेव्हा एकदा ती अर्धी वाटीही तशीच ठेवून उठलीस. दुपारी आईने ती फ्रिजमध्ये ठेवली आणि दादाने खाल्ली. हे मला इतकं स्वच्छ आठवतं, म्हणजे तेव्हाही कुठेतरी टोचलं असणार. बोललो नाही. पाहुण्यांसमोरही तुला काय काय म्हणालो, ते इथे लिहवत नाही. चुकलं माझं, मनू.

दादाने वजनं उचलायला सुरुवात केलीय. स्नायू वापरात आले की कमी इन्सुलिनमध्ये भागतं म्हणे. सध्या घरभर डंबेल्स पडलेली असतात, तुझी आई रोज एकदा तरी ठेचकाळते.

पाडव्याला येतेयस ना? यंदा वाढायला मी नाही. श्रीखंडाचं भांडं मधोमध ठेवू, ज्याचं त्याने घ्यायचं.

तुझा
बाबा